आठ किलोमीटरची ड्युटी

गाझियाबाद,
बुधवार, २९ जानेवारी २००३

प्रिय राजवीर,

माझं अक्षर पाहून दचकू नकोस. घरी सगळं ठीक आहे. तुझी आई बरी आहे, थंडीत तिचा गुडघा कुरकुरतो तेवढंच. माझं पत्र आलं म्हणजे वाईट बातमी असणार असं तुला वाटेल, म्हणून हे आधी लिहून टाकलं. बातमी चांगली आहे. गेल्या गुरुवारपासून माझ्या छातीवरचं ओझं उतरलंय. सोमवारी मी दाढी करताना गुणगुणत होतो म्हणे, तुझी आई स्वयंपाकघरातून डोकावून बघून गेली. पण काय झालं ते मी क्रमानेच सांगणार. चोवीस वर्षं फौजेत रिपोर्ट दिले, मधूनच सुरुवात केली तर माझाच धागा सुटतो. तुझा नागपूरचा पत्ता आईकडून घेतला. तिने पिठाच्या डब्याखालून कागद काढून दिला, कशाला हवाय ते विचारलं नाही.

नोएडाच्या कारखान्यातली गेटवरची नोकरी मी सत्त्याण्णवमध्ये सोडली, तेव्हा तू डिप्लोमाच्या शेवटच्या वर्षाला होतास. दिवसभर साहेबांच्या गाड्यांना सलाम ठोकायचा आणि संध्याकाळी कामगारांच्या पिशव्या तपासायच्या, याने माझं डोकं उठायचं. मग गॅस कंपनीच्या पाइपलाइनीवर चालून पाहणी करायला माजी सैनिक हवेत असं कळलं आणि मी लाइन-वॉकर झालो. गावी तात्यासाहेबांना मात्र मी आजतागायत खरं सांगितलेलं नाही. त्यांना वाटतं, आपला भाऊ दिल्लीकडे गॅस कंपनीत सिक्युरिटी ऑफिसर आहे. दुसऱ्यांच्या शेतांतून हातात काठी घेऊन रोज आठ किलोमीटर चालतो, हे लिहायला मला त्या वेळी लाज वाटली होती.

ती लाज पहिल्याच दिवशी गेली, विश्वनाथसाहेबांमुळे. ते आपल्याकडचेच, सांगलीचे. लाइनीच्या देखभालीचे इंजिनिअर. आम्हा बारा जणांना पत्र्याच्या शेडमध्ये बसवून त्यांनी भिंतीवर देशाचा नकाशा लावला. म्हणाले, पश्चिमेच्या समुद्रात तेलाबरोबर गॅस वर येतो. पूर्वी तो आणायला पुरेशा लाइनी नव्हत्या, म्हणून कितीतरी गॅस तिथेच जाळून टाकावा लागायचा. आता देशाने ठरवलंय, नव्या विहिरी खणायच्या, पूर्वेच्या खोल समुद्रातही शोधायचं, त्यासाठी खासगी कंपन्यांनाही बोलवायचं, निघेल तेवढा आपला गॅस काढायचा आणि खताला, विजेला, बसगाड्यांना पोचवायचा. मग आखातात कुणी कुणावर चढाई केली तरी इथली चूल आणि इथली बस बंद पडायची नाही. मला नव्वद साल आठवलं. आमच्या युनिटला डिझेल जपून वापरायचा हुकूम आला होता, आणि तुझी आई छावणीतल्या बायकांबरोबर रॉकेलसाठी अर्धा दिवस उभी राहायची. साहेब शेवटी म्हणाले, ज्याला विहीर सापडते त्याचं नाव पेपरात येतं, तुमचं येणार नाही, पण हे सगळं धोरण जमिनीखाली मीटरभर अंतरावर पडलेलं आहे आणि त्यातले आठ किलोमीटर तुमचे. मला ते हुकमासारखं वाटलं. हुकूम मिळाला की मला बरं वाटतं, तुला माहीत आहे.

घरी येऊन मी तुला हे सगळं सांगितलं, तेव्हा तू हसलास. "पप्पा, तो पाइप काय पळून जाणार आहे?" मीही हसलो. पण मग तू एका रविवारी माझ्याबरोबर आलास, एक्केचाळीस नंबरच्या पिवळ्या खांबापासून एकोणपन्नासपर्यंत. मोहरी फुलली होती. गवत एका ठिकाणीच पिवळं पडलं असेल तर का थांबायचं, उकरलेली माती ताजी की जुनी हे कसं ओळखायचं, खांब नसला तरी लाइन कुठून जाते ते बांधावरून कसं ताडायचं, हे मी तुला दाखवलं. तू इंजिनिअरसारखे प्रश्न विचारलेस आणि मला दोन-तीन उत्तरं देता आली नाहीत. माझ्या आठ किलोमीटरमधला तो सगळ्यात चांगला दिवस होता, हे मी तुला कधी बोललो नाही.

पुढचं तुला ठाऊकच आहे. दोन-तीन वर्षांत शेतं विकली गेली. ज्या बांधावर शेतमालक चौधरी मला ताक पाजायचे तिथे बिल्डरचा बोर्ड लागला, त्यावर निळा तलाव आणि गोऱ्या पोरांचं चित्र. तुला तिथेच साइट इंजिनिअरची नोकरी लागली तेव्हा आईने अख्ख्या गल्लीत पेढे वाटले. सकाळी आपण दोघं बरोबर निघायचो. तू मोटरसायकलवर, मी चालत, आणि पोचायचो एकाच जागी. मग तुमच्या मातीचे ढीग पाइपावरच्या माझ्या मोकळ्या पट्ट्यावर यायला लागले. पट्ट्याला लागून कंपाउंडची भिंत उठली. मी रिपोर्ट लिहायचो. साहेब नोटीस पाठवायचे. तुमचा मॅनेजर हसून चहा मागवायचा आणि वरून सगळं ठरलंय म्हणायचा. घरी जेवताना मी तुला बोलायचो आणि तू म्हणायचास की नोकराचं ऐकतो कोण. एकदा तू चिडून म्हणालास, तुमचं धोरण दिल्लीत कागदावर बसलंय, इथे माणसांना राहायला घर हवंय. ते मला झोंबलं. पण खरं सांगतो, नंतर चालताना मी त्यावर पुष्कळ विचार केला. फौजेचं क्वार्टर सोडल्यावर भाड्याच्या दोन खोल्यांसाठी आपण किती दारं फिरलो होतो. घरं हवीतच. ती पाइपावर नकोत, एवढंच माझं म्हणणं होतं. ते मी तुला नीट सांगायला हवं होतं. मी ताटावरून उठून गेलो.

आता चौदा नोव्हेंबर, दोन हजार एक. हा दिवस मी तुला पुन्हा सांगतोय, कारण मी तो कसा पाहिला ते तू माझ्या तोंडून कधी ऐकलेलं नाहीस. सकाळी धुरकं होतं. सेहेचाळीस नंबरचा खांब उखडून बाजूला टाकलेला दिसला आणि मी पळत सुटलो. पट्ट्याच्या मधोमध सांडपाण्याच्या गटारासाठी लांबलचक चर खणलेला. चरात पाइप उघडा पडला होता. वरचं काळं वेष्टण हातभर फाटलेलं, आतलं लोखंड चकाकत होतं आणि त्याला पोचा आला होता. जेसीबी वर उभा, बंद. आणि चरात, गुडघाभर चिखलात, तू. तुझा मॅनेजर नव्हता, ऑपरेटर नव्हता, कुणी नव्हतं. तू वर बघितलंस. मी तुला बाहेर हो म्हणून ओरडलो आणि शिट्टी फुंकत साइटच्या ऑफिसकडे धावलो, फोनसाठी.

देवाची कृपा, पाइप फुटला नव्हता. साहेबांची माणसं आली, लाइनीतला दाब उतरवला, आजूबाजूच्या झोपड्या रिकाम्या केल्या. दोन दिवस दुरुस्ती चालली. ते दोन दिवस दिल्लीत गॅसच्या पंपांवर बस आणि ऑटोंच्या रांगा नेहमीपेक्षा लांब झाल्या आणि लोक सरकारला शिव्या देत होते. साहेब मला म्हणाले, अजून एक घाव बसला असता तर खंडेराव, तुम्ही आणि तुमचा मुलगा दोघंही नसता, आणि त्या झोपड्याही नसत्या. मग त्यांनी कागद पुढे केला. जागेवर जबाबदार माणूस कोण होता? मी लिहिलं, राजवीर खंडेराव जगदाळे, साइट इंजिनिअर. साहेबांनी विचारलं, मुलाशी बोललात का? मी म्हणालो, सर, डोळ्यांनी पाहिलंय.

त्यानंतर तुला चौकीवर दोन दिवस बसवून ठेवलं, केस झाली. बिल्डरने सगळं तुझ्यावर ढकलून नोकरीवरून काढलं. तू घरी आलास, पिशवी भरलीस, आईच्या पाया पडलास. माझ्याही पाया पडलास. मी हात ठेवला तुझ्या डोक्यावर, पण तोंड उघडलं नाही. तूही काही बोलला नाहीस. मला वाटलं, बोलायला तोंड कुठे आहे त्याला. इकडे कंपनीने मला प्रशस्तिपत्र दिलं. छावणीतले जुने लोक म्हणायचे, वाह खंडेराव, पोराच्या वर ड्युटी ठेवलीत. मी मान हलवायचो. ते पत्र ट्रंकेत कपड्यांच्या तळाशी आहे, मी एकदाही काढलं नाही. तुझी केस झाली, नोकरी गेली, याचं दुःख होतंच, पण मला आतून खात होतं ते वेगळं. लाइन कुठून जाते हे माझ्या पोराला माहीत होतं. मीच त्याला हाताला धरून दाखवली होती. आणि त्यानेच पगारापायी तिच्यावर मशीन घातलं. चौदा महिने रोज सेहेचाळीस नंबरवरून जाताना मला हेच दिसायचं. तुझ्या आईने या चौदा महिन्यांत मला वेळेवर जेवायला वाढलं, पण समोर बसली नाही.

आता गुरुवारचं. धुकं इतकं होतं की खांब अगदी जवळ गेल्यावर दिसायचा. त्रेचाळीसपाशी कालव्याच्या रस्त्याचं काम चाललंय. तिथे एक जेसीबीवाला मशीन बंद करून माझी वाट बघत बसला होता. हिंदीत म्हणाला, हवलदारसाहेब, आधी तुम्ही बघून घ्या, मग मी पंजा टाकतो. आजवर मला असं कुणी विचारलं नव्हतं. मी जागा दाखवली, चुन्याची रेघ मारून दिली आणि सहज म्हणालो, शहाणा आहेस. तो खाली मान घालून उभा राहिला. मग म्हणाला, मी जयपाल, बुलंदशहरचा. चौदा नोव्हेंबरला तिथे मशीन माझंच होतं.

राजवीर, त्याने जे सांगितलं ते त्याच्याच क्रमाने लिहितो. त्या दिवशी तू मागच्या टॉवरवर स्लॅबच्या कामाला होतास. मॅनेजरने स्वतः येऊन खांब उखडवला आणि जयपालला खणायला लावलं, इंजिनिअर यायच्या आत संपव म्हणाला. जयपालला खाली काय आहे ते माहीत नव्हतं. पंजा कशाला तरी घासला, त्याला वाटलं दगड आहे, आणि त्याने पुन्हा उचलला. तेवढ्यात तू धावत आलास. हाका मारल्यास, पण मशीनच्या आवाजात त्याला ऐकू आलं नाही. मग तू चरात उडी मारलीस आणि पाइपावर आडवा पडलास. जयपाल म्हणाला, पंजा खाली येत होता, मी दांडा ओढला, पाइपापासून वीतभरावर थांबला. पंज्याचा एक दात तुझ्या नडगीला लागला. तू तसाच वर चढलास, मशीनची किल्ली काढून खिशात घातलीस आणि त्याला म्हणालास, "नीचे गैस है। मेरे पिताजी रोज़ इसके ऊपर चलते हैं।"

मॅनेजर तेवढ्यात पळाला. जाताना जयपालला धमकावून गेला की सगळं जयपालनेच आपल्या मनाने केलं असं तो लिहून देणार. जयपाल रडायला लागला, त्याची बायको दिवस भरलेली होती. तू त्याला म्हणालास, तू निघून जा, साइट माझी आहे, मी बघतो. आणि पुन्हा खाली उतरून पाइपाला हात लावून बघत राहिलास, कुठे फुंकर लागते का ते. तेव्हा मी तिथे पोचलो. मला जे दिसलं ते एवढंच होतं. जयपाल भीतीने वर्षभर बुलंदशहरातून हलला नाही. इथे काम मिळालं तेव्हा त्याने पहिल्यांदा कुणाला तरी विचारलं की या लाइनीवर अजून तो हवलदार चालतो का.

मी खांबाच्या चौथऱ्यावर बसलो. ड्युटीवर असताना सहा वर्षांत पहिल्यांदा बसलो. जयपालने पाणी दिलं. मला रडू येत होतं आणि खरं तर हसायलाही येत होतं, कारण मनात एकच येत होतं, माझ्या पोराने मशीन घातलं नाही. त्याने माझ्या आधी लाइन वाचवली. इतकं हलकं मला तू जन्मलास तेव्हा तार वाचूनही वाटलं नव्हतं.

शुक्रवारी जयपालला घेऊन साहेबांकडे गेलो. तो घाबरत होता, पण आला. साहेबांनी त्याचा जबाब लिहून घेतला आणि जुनी फाइल मागवली. त्यात दुरुस्ती करणाऱ्यांनी काढलेले फोटो होते. एका फोटोत चरातल्या मातीवर काळा डाग होता, तेव्हा सगळ्यांनी ते ग्रीस समजलं होतं, ते तुझं रक्त होतं. सोमवारी कंपनीने पोलिसांना पत्र पाठवलं. वकील म्हणाले, केसमधून तुझं नाव निघायला महिना-दोन महिने लागतील, पण निघेल. जयपालला साक्षीदार धरलंय, त्याच्यावर काही येणार नाही, हे मी तीनदा विचारून घेतलं, कारण तू पहिल्यांदा तेच विचारशील. साहेबांनी आणखी एक सांगितलं. पूर्वेच्या समुद्रात मोठा साठा लागल्याची बातमी तू वाचली असशील. येत्या वर्षांत गॅस वाढणार, नव्या लाइनी पडणार, त्यासाठी त्यांना बांधकाम समजणारी तरुण माणसं हवी आहेत. तुझ्याबद्दल विचारत होते. मी म्हणालो, मुलाच्या वतीने मी एकदा कागदावर लिहिलं ते पुरे झालं, आता तुम्हीच त्याला विचारा.

जयपालने सांगितलेलं सगळं मी गुरुवारीच तुझ्या आईला सांगितलं होतं. ती कणीक मळत होती. नडगीचं ऐकल्यावर तिचे हात थांबले. पायाला पट्टी तिनेच बांधली होती, तू तिला सळईवर घसरलो म्हणाला होतास. मी म्हणालो, पार्वती, माझं चुकलं. ती म्हणाली, "मला काय सांगता? मी त्याला वाईट समजलेच नव्हते." मग तिने दोन ताटं वाढली आणि समोर बसून जेवली.

आता हे पत्र कशासाठी, ते. केसची बातमी फोनवर सांगता आली असती, आणि हे पत्र पोचेपर्यंत आईने रविवारच्या फोनवर ती सांगितलीही असेल. मी लिहितोय कारण मी येतोय. पंधरा दिवसांची रजा घेतली आहे, लाइनीवर माझ्या जागी शंकर चालेल, त्याला सगळे खांब दाखवून दिलेत. शुक्रवारी सात तारखेला निघतो, शनिवारी सकाळी नागपूरला उतरतो. अचानक दारात उभा राहिलो तर तू आदराने आत घेशील, मला माहीत आहे, म्हणून अचानक येत नाही. तुला आठवडा आधी कळवतोय. यायला नको असं वाटलं तर आईला तसं सांग, मी तिकीट रद्द करीन आणि रागावणार नाही, तो हक्क तुझा आहे. पण येऊ दिलंस तर एक करायचं आहे. त्या दिवशी मी तुला चरात उभा पाहिला आणि काय झालं हे विचारलं नाही. जयपालकडून ऐकलं ते ऐकलं. आता मला ते तुझ्याकडून ऐकायचं आहे, सुरुवातीपासून, तुला हवा तेवढा वेळ घेऊन. मी मधे बोलणार नाही. आणि तुझा पाय मला बघायचा आहे.

तुझाच,
पप्पा